ट्रेडिंगसाठी संगणक : तयार घ्यावा की जुळवून घ्यावा?

आमचा जन्म गेला तत्त्वज्ञान शिकवण्यात, आणि आज वैरागकरांनी आम्हाला बोलायला विषय दिलाय संगणकाचा. पत्रिका बघून एका जुन्या विद्यार्थ्याने फोनच केला, "सर, नाव चुकून छापलंय का?" चुकून नाही. या विषयावर गेल्या वर्षात आमच्याच घरात इतकं बोलणं झालंय, की आता चार लोकांसमोर ते मांडायला हरकत नाही.

झालं असं. आमचा एक पुतण्या इथेच वैरागमध्ये राहतो. डिप्लोमा झालेला, वय सत्तावीस. दोन वर्षं जुन्या लॅपटॉपवर निफ्टीच्या ऑप्शनमध्ये खरेदी-विक्री करतो. मागच्या वर्षी तो आमच्याकडे एक कागद घेऊन आला. एका दुकानदाराने त्याला 'ट्रेडिंग पीसी'चं कोटेशन दिलं होतं, एक लाख बेचाळीस हजारांचं. काचेचं कॅबिनेट, आत रंगीत दिवे, पाण्यावर थंड होणारा प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड, तीन मॉनिटर. पैसे कुठून येणार? तर वडिलांची सोलापूरच्या मार्केटमधून कांद्याची पट्टी आली होती, तीतून. त्या पैशांवर आधीच ठिबकच्या नळ्यांचा हक्क लागलेला. वडील म्हणाले, "काकाला विचार, ते शिकलेले हायेत." झालं, आम्ही अडकलो.

आम्ही त्याला पहिलं विचारलं की मशीन कशासाठी हवंय. तो म्हणाला, "काका, लॅपटॉप दगा देतो. त्या दिवशी अडतीस हजार गेले." त्या दिवशी काय झालं ते आम्ही नीट, मिनिटामिनिटाने विचारून घेतलं. एक्स्पायरीचा दिवस. दुपारी दोन चाळीसच्या सुमारास आळीतला डीपी उडाला, लाइट गेली. लॅपटॉपला बॅटरी होती, तो चालूच राहिला. पण राउटर बंद पडला. मोबाइलवर नेटवर्क येईना, कारण लाइट गेल्याबरोबर सगळी आळी मोबाइलवर आली. ब्रोकरचा फोन लागेपर्यंत वीस मिनिटं गेली. आणि स्टॉप-लॉस? तो सिस्टीममध्ये टाकलेलाच नव्हता, डोक्यात होता. "इतक्यावर आलं की विकायचं", असा.

आता सांगा, यात लॅपटॉपचा दोष कुठे आहे? आम्ही वर्गात कार्यकारणभाव शिकवायचो तेव्हा कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, हेच उदाहरण द्यायचो. पैसे गेले तेव्हा समोर लॅपटॉप होता, म्हणून दोष लॅपटॉपचा. खरं कारण दोन होती : राउटरला बॅकअप नव्हता, आणि स्टॉप-लॉस एक्स्चेंजकडे पोचलेला नव्हता. हजार-दीड हजारात राउटरसाठी छोटा बारा व्होल्टचा यूपीएस मिळतो. पहिल्या कारणाचा इलाज तेवढाच. दुसऱ्याचा इलाज फुकट आहे.

इथे एक बारकावा समजून घ्या, कारण पुष्कळ जणांना तो माहीत नसतो. तुम्ही स्टॉप-लॉस ऑर्डर टाकली आणि ती एक्स्चेंजने स्वीकारली, तर ती त्या दिवसापुरती तिकडे राहते. तुमचं मशीन बंद पडो, घर पडो, ती ऑर्डर तिथेच आहे. जीटीटी म्हणतात ती ब्रोकरच्या सर्व्हरवर राहते, भाव लागला की तिथून पुढे जाते. पण तुम्ही घरच्या संगणकावर एखादा प्रोग्राम चालवून त्याला सांगितलं असेल की "भाव इथे आला की विक", तर तो प्रोग्राम तुमच्या लाइटवर जगतो. लाइट गेली की तोही गेला. तेव्हा पहिला प्रश्न असा, की तुमची ऑर्डर राहते कुठे? त्याचं उत्तर आल्याशिवाय मशीनची चर्चा सुरूच करू नये.

दुसरा मोठा गैरसमज वेगाचा. मशीन जितकं भारी तितकी ऑर्डर लवकर जाते, असं दुकानदारही सांगतात. आपण हिशेब करू. एक्स्चेंज मुंबईत. वैरागपासून मुंबई चारशे किलोमीटरच्या आसपास धरा. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे नुसतं जायला २ मिलिसेकंद, तेही तार सरळ असली तर. ती सरळ नसते. वाटेत राउटर, टॉवर, ब्रोकरचा सर्व्हर, त्याची मार्जिन-तपासणी, असं करत काही दशके मिलिसेकंद सहज लागतात. आणि डोळ्याने भाव बघून बोटाने माउस दाबायला माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. महागडा प्रोसेसर यात वाचवून वाचवून किती वाचवणार? ज्यांना खरा वेग हवा, ते आपला संगणक नेऊन एक्स्चेंजच्याच आवारात ठेवतात. त्याला को-लोकेशन म्हणतात, एनएसईने ही सोय २००९-१०च्या सुमारास सुरू केली. त्यांच्याशी वैरागच्या माडीवर बसून शर्यत लावायची म्हणजे सायकलवरून एक्स्प्रेसच्या मागे लागणं.

हे आम्ही मनाने सांगत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक पाहणी जाहीर केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. माणशी सरासरी तोटा सुमारे दोन लाख, एकूण तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींच्या वर. यातले सत्तर टक्क्यांहून जास्त लोक मोठ्या तीस शहरांच्या बाहेरचे, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या गावांतले. चारपैकी तीन जणांनी आपलं वर्षाचं उत्पन्न पाच लाखांहून कमी सांगितलेलं. आणि फायदा झाला त्या परदेशी संस्था आणि मोठ्या पेढ्या यांच्या नफ्याचा बहुतेक सगळा भाग यंत्राने आपोआप होणाऱ्या सौद्यांतून आला. पुतण्याला हा आकडा दाखवला तर तो म्हणाला, "मी सात टक्क्यांत असंन." असं म्हणणारे ९३ टक्क्यांतही होतेच की.

एक अवांतर सांगतो. आमच्या बार्शी तालुक्यात तूर, सोयाबीन, हरभरा यांची नाडी शेतकऱ्याच्या पोराला कळते. पाऊस कधी हुकला, माल कुणी दाबून ठेवला, हे त्याला मुंबईकरापेक्षा आधी कळतं. पण तुरीचे वायदे जानेवारी २००७ मध्ये बंद केले गेले, आणि हरभरा, सोयाबीन यांचे डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने थांबवले, ती मुदत पुढे वेळोवेळी वाढवत नेली. म्हणजे ज्यातलं त्याला कळतं त्यात वायदा करता येत नाही, आणि ज्यातलं कळत नाही त्या निफ्टीत दिवसभर बसायला मिळतं. हे बरं की वाईट, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

असो. तरी त्याला डेस्कटॉप हवाच होता, आणि त्याचं एक म्हणणं खरं होतं : चौदा इंची पडद्यावर चार चार्ट आणि ऑर्डरची खिडकी मावत नाही. माणूस खिडक्या उघडझाप करत बसतो आणि चुकीच्या ठिकाणी बटण दाबतो. दोन मॉनिटर ही चैन नाही. मग मूळ प्रश्न आला : कंपनीचा तयार घ्यावा, का सुटे भाग आणून जुळवावा, ज्याला आपण असेंबल्ड म्हणतो?

इथे आम्हाला आमचा धडा आठवला. मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद तुम्ही ऐकला असेल. राजा ग्रीक वंशाचा, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला मिनँडर. नागसेन त्याला विचारतात, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? चाक रथ आहे का? आस? जू? एकेक भाग काढत गेलं की रथ कुठेच सापडत नाही. रथ हे भागांच्या जुळणीला दिलेलं नाव. याच्या उलट आपले नैयायिक. ते म्हणतात, नाही, अवयवांपासून अवयवी नावाची खरीखुरी नवी वस्तू निर्माण होते. घड्याचा काठ धरून उचलला तर सगळा घडा वर येतो, नुसता काठ येत नाही. एम.ए.च्या मुलांना हा वाद आम्ही वर्षानुवर्षं शिकवला. पण त्याचा अर्थ आम्हाला खरा कळला तो निवृत्तीनंतर, आमचा स्वतःचा असेंबल्ड संगणक बंद पडला तेव्हा.

आम्ही तो एका दुकानातून जुळवून घेतला होता, पण रॅम आणि एसएसडी स्वस्त मिळाली म्हणून दुसरीकडून आणली. हुशारी. आठव्या महिन्यात मशीन मध्येच बंद पडून परत सुरू व्हायला लागलं. दुकानदार म्हणाला, रॅम खराब. रॅमवाला म्हणाला, आमच्याकडे व्यवस्थित चालते, बोर्ड बघा. बोर्डाच्या सर्व्हिस सेंटरने सांगितलं, बोर्ड ठीक आहे, एसएमपीएस बदलून बघा. सोलापूरला तीन खेपा, सतरा दिवस. प्रत्येक भागाला वॉरंटी होती, प्रत्येकाची पावती होती, आणि आमचा संगणक बंद होता. नागसेनांचं बरोबर होतं : चाक ठीक, आस ठीक, जू ठीक, रथ काही चालेना. कंपनीच्या तयार मशीनमध्ये तुम्ही जे जास्तीचे पैसे देता ते या अवयवीचे. मशीन चालत नाही एवढंच सांगायचं, कुठला भाग ते शोधणं त्यांचं काम.

पण थांबा, लगेच तयार मशीनच्या बाजूने कौल देऊ नका. 'घरपोच वॉरंटी' असं खोक्यावर छापलेलं असतं, ती वैरागच्या पिनकोडला लागू आहे का, हे घेण्याआधी कंपनीच्या नंबरवर फोन करून विचारा. बार्शी वीस-पंचवीस किलोमीटर, सोलापूर त्याच्या दुप्पट. माणूस तिथून येणार का, किती दिवसांत येणार? बाजार सव्वानऊ ते साडेतीन, तुमचं काम त्या वेळेतलं. दुसरं, तयार मशीनमध्ये बऱ्याचदा एसएमपीएस आणि बोर्ड कंपनीच्या खास मापाचे असतात. वॉरंटी संपल्यावर एसएमपीएस गेला तर बार्शीच्या दुकानातला साधा त्यात बसत नाही. असेंबल्डमध्ये बसतो, अर्ध्या तासात. म्हणजे वॉरंटीच्या काळात अवयवी बरा, आणि त्यानंतर अवयव बरे. आमच्या दोन्ही आचार्यांचं काही ना काही बरोबर.

आता त्या कोटेशनकडे वळू. ग्राफिक्स कार्ड कशाला? चार्ट म्हणजे रेघा आणि काड्या. त्या काढायला प्रोसेसरमध्येच बसवलेलं ग्राफिक्स पुरतं, आणि त्यावर दोन-तीन मॉनिटर आरामात चालतात. फक्त बोर्डाच्या मागे तेवढ्या जागा आहेत का ते मोजून घ्यायचं, एक एचडीएमआय आणि एक डिस्प्ले पोर्ट तरी. मग दुकानदाराने कार्ड का लावलं? आम्ही प्रोसेसरचं नाव नीट वाचलं तर आकड्यांच्या शेवटी इंग्रजी एफ होता. इंटेलच्या प्रोसेसरमागे एफ असला की त्यात ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त पडतो, पण मग कार्ड घ्यावंच लागतं. एका अक्षराने बरेच हजार वाढले होते! एएमडीच्या जुन्या रायझनमध्येही असंच आहे, तिथे ग्राफिक्सवाल्यांच्या मागे जी लागतो.

पाण्याचं कूलिंग, काच, दिवे हे सगळं आम्ही खोडलं. सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा आणि आपली धूळ बघता, समोर जाळी असलेलं साधं कॅबिनेट आणि महिन्यातून एकदा ब्लोअर हेच कूलिंग. पुतण्या जरा हिरमुसला. दिवे त्याला फार आवडले होते.

रॅम मात्र कमी करायची नाही. चार्ट हल्ली ब्राउझरमध्ये उघडतात आणि एकेक टॅब शेकडो मेगाबाइट खातो; आठ जीबीत ओढाताण होते, सोळा पुरते, आणि बोर्डावर एक जागा मोकळी ठेवली की पुढे वाढवता येते. २०२५च्या अखेरीपासून एआयच्या मागणीमुळे मेमरीचे भाव चढलेत, तेव्हा दोन दुकानांत विचारून घ्या. एसएसडी एनव्हीएमई प्रकारची, पाचशे जीबी बास. प्रोसेसर मधल्या प्रतीचा.

सगळ्यात जास्त वाद झाला एसएमपीएसवर, कारण तो दिसत नाही. कॅबिनेटबरोबर फुकट मिळतो तो नकोच. आपल्याकडे व्होल्टेज रात्री चढतं, मोटारी सुरू झाल्या की पडतं. चांगल्या कंपनीचा, ८० प्लसचा शिक्का असलेला साडेचारशे वॅटचा एसएमपीएस घ्या. आणि यूपीएस घेताना दुकानदाराला विचारा की हा या एसएमपीएसला चालतो का. चांगल्या एसएमपीएसमध्ये एक सुधारित सर्किट असतं, स्वस्त यूपीएसच्या पायरी-पायरीच्या करंटशी त्याचं कधीकधी जमत नाही. लाइट गेली की यूपीएस असूनही मशीन बंद! म्हणून दुकानातच प्लग उपटून दाखवायला सांगायचं. लाजायचं नाही. शिवाय घराचं अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला आणि झिणझिण्या आल्या तर आधी वायरमन बोलवा, संगणक नंतर.

राउटरपासून मशीनपर्यंत वायर टाका, वायफायवर भरवसा नको. फायबर जोडणी असेल तर भिंतीवरच्या त्या छोट्या डबीलाही बॅकअप लागतो, ते लोक विसरतात. दुसऱ्या कंपनीचं सिम मोबाइलमध्ये रिचार्ज करून ठेवा. ब्रोकरचा सौदे करण्याचा फोन नंबर आणि आपला क्लायंट कोड भिंतीवर कागदावर लिहून लावा, कारण लाइट गेल्यावर तो संगणकात शोधता येत नाही. एपीआयमधून ऑर्डर पाठवायचा विचार असेल, तर सेबीच्या फेब्रुवारी २०२५च्या परिपत्रकाप्रमाणे न बदलणारा आयपी पत्ता लागतो. तो आपला इंटरनेटवाला देतो का, हे आधी विचारा.

शेवटी आमचा कौल असेंबल्डकडे गेला, पण अटींवर. सगळे भाग एकाच दुकानातून, एकाच बिलावर, प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर लिहिलेला, आणि "मशीन बंद पडलं तर दोष आम्ही शोधू" हे दुकानदाराने बिलावर सहीनिशी लिहून दिलेलं. म्हणजे अवयवीला बाप मिळाला. बार्शीचा एक दुकानदार याला कबूल झाला, कारण पुतण्या पुढेही गिऱ्हाइकं आणेल असं त्याला वाटलं. दोन मॉनिटर, विंडोजचं खरं लायसन, यूपीएस, सगळं धरून चौसष्ट हजार लागले. जुना लॅपटॉप विकला नाही, तो शेजारी चार्ज करून ठेवलाय. उरलेल्या पैशांच्या नळ्या आल्या. ज्यांच्या घरात कॅबिनेट उघडून रॅम काढून-लावून बघणारं कुणीच नाही, त्यांना मात्र आम्ही अजूनही तयारच घ्या म्हणू, पिनकोड विचारून.

बिल पक्कं घ्या, याला आणखी एक कारण आहे. फ्युचर्स-ऑप्शनचं उत्पन्न आयकरात धंद्याचं उत्पन्न धरतात, आणि संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. तोटा पुढच्या वर्षांत वळता करायचा तरी विवरणपत्र मुदतीत भरावं लागतं. पुतण्याने दोन वर्षं ते भरलंच नव्हतं. "नफाच नाही तर भरायचं काय", असं त्याचं म्हणणं.

आणि एक अट वडिलांनी घातली, आम्ही नाही. रोज साडेतीनला त्या दिवशीचे सौदे आणि दलाली-कर धरून निव्वळ फायदा-तोटा वहीत लिहायचा, आणि महिन्याला ती वही त्यांना दाखवायची. सहा महिन्यांची वही आता भरलीय. त्यातले आकडे इथे सांगायची आम्हाला परवानगी नाही.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून विचारलंय की, सर, अठरा हजारात ऑफिसचा वापरलेला संगणक मिळतो, तो चालेल का? चालेल, पण प्रोसेसरचा आकडा वाचून घ्या. विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. विंडोज ११ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं. आय-५ च्या पुढे ८५०० असेल तर पहिला आठ म्हणजे आठवी पिढी, चालेल. ६५०० असेल तर सहावी, नको. बाजारातल्या पुष्कळ स्वस्त मशीनवर विंडोज ११ आडवाटेने बसवलेलं असतं, ते सुरूही होतं, पण ज्या मशीनवर तुमचा डीमॅटचा पासवर्ड आहे तिथे ही जोखीम कशाला? घेताना झाकण उघडायला लावा, बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेत का बघा, एसएसडी नवी टाकून मागा, आणि पावतीवर सीरियल नंबर लिहून घ्या.